बांधाची रेघ

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. शाळेंत असतांना भूमितीच्या तासाला रेघ सरळ येत नाहीं म्हणून त्यानें माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. आज तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं लुइझियाना या संस्थानांत स्थापत्यविशारद आहे, आणि समुद्राचें पाणी अडविणाऱ्या बांधांच्या रेघा नकाशावर आंखणें हाच त्याचा धंदा आहे. दैवाची ही थट्टा आम्हां दोघांनाहि आवडली. फराळ झाल्यावर त्यानें पिशवींतून एक नकाशा काढून चटईवर पसरला. त्यांत जमीन कोठें संपते आणि समुद्र कोठें सुरू होतो हें मला कांहीं केल्या कळेना. कसर लागलेल्या जुन्या शालीसारखी ती भूमि दिसत होती. तिच्यामधून एक तांबडी रेघ वेडीवांकडी गेली होती. "हा बांध, गुरुजी. ९८ मैलांचा आहे." रेघेच्या उत्तरेस गांवें, रस्ते, शाळा. दक्षिणेस, रेघेच्या बाहेर, एक चिंचोळा पट्टा होता आणि त्यावर नांव लिहिलेलें होतें. "मग हें गांव बाहेर कां राहिलें?" मीं विचारलें. तो जरा वेळ गप्प राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्यामुळेंच या महिन्याचें सदर मीं या विषयास दिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाड्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस आहेत. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें तेथील नारळी-पोफळी कशा आडव्या केल्या हें त्यांना सांगावयास नको. तें संकट मुख्यतः वाऱ्याचें होतें. मेक्सिकोच्या आखातांत उठणाऱ्या वादळांत वाऱ्याहूनहि भयंकर वस्तु म्हणजे पाणी. वादळाचा वारा समुद्राचें पाणी पुढें ढकलीत आणतो. किनारा दूरवर उथळ असल्यामुळें त्या पाण्यास खालून परतावयास वाट मिळत नाहीं, आणि तें दहा, पंधरा, क्वचित् पंचवीस फूट चढून जमिनीवर येतें. हिला लाट म्हणणेंहि बरोबर नाहीं. कांहीं तासांपुरता समुद्रच आपली पातळी सोडून वर येतो.

असल्या प्रदेशांत बांध घालणें म्हणजे काय, हें समजण्यास ती भूमि कोणीं निर्माण केली हें प्रथम पाहिलें पाहिजे. ती मिसिसिपी नदीनें केली आहे. संयुक्त संस्थानांच्या सलग भूमीपैकीं शेंकडा ४० हून अधिक भागाचें पाणी ही एकटी नदी वाहून नेते, आणि त्याबरोबर येणारा गाळ मुखाशीं टाकीत टाकीत तिनें हजारों वर्षांत दक्षिण लुइझियाना रचलें. पूर आला कीं नदी कांठावरून बाहेर पडे. बाहेर पडतांच तिचा वेग मंदावे आणि जड गाळ कांठाशींच बसे, हलका गाळ दूर जाई. त्यामुळें तेथें नदीचा कांठ हीच सर्वांत उंच जागा, आणि नदीपासून जों जों दूर जावें तों तों उतार. आपल्याकडील नदीच्या अगदीं उलट! १७१८ सालीं फ्रेंचांनीं न्यू ऑर्लिअन्स वसविलें तें याच उंच कांठावर. मागील सखल दलदलींत मनुष्यानें राहावें असें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठे पंप आले, दलदल उपसून कोरडी झाली, आणि शहर खालीं उतरलें. उपसलेली माती मात्र सुकून दबत जाते. आज त्या शहराचा सुमारें अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे.

नदीला कांठाबाहेर पडूं द्यावयाचें नाहीं, हें एकदां ठरलें कीं तिच्या दोन्ही बाजूंस बांध आलेच. १८७९ सालीं मिसिसिपी नदीकरितां सरकारी आयोग नेमला गेला, आणि हळूहळू बांध हाच एक उपाय असें धोरण ठरून गेलें. तर्क असा होता कीं, कोंडलेली नदी आपला तळ आपणच खोल खणील आणि पुराचें पाणी त्यांत सामावेल. तर्क सुबक होता. नदीनें तो मानला नाहीं. १९२७ च्या महापुरांत बांध ठिकठिकाणीं फुटले. न्यू ऑर्लिअन्सच्या मोठ्या लोकांस आपल्या शहराची धास्ती पडली, तेव्हां २९ एप्रिल १९२७ रोजीं शहराच्या खालच्या अंगास केर्नार्व्हन येथें सुरुंग लावून बांध मुद्दाम उडविण्यांत आला. तेथील हजारों गरीब लोकांना आधीं घराबाहेर काढण्यांत आलें. भरपाईचीं वचनें देण्यांत आलीं. तीं बहुतांशीं पाळलीं गेलीं नाहींत. वरच्या अंगास बांध आपोआपच फुटत असल्यामुळें शहर तसेंहि वांचलें असतें, असें पुढें इतिहासकारांनीं दाखवून दिलें.

येथें जरा भाषेकडे वळतों. जुन्या संस्कृत शिक्षकाची ही खोड वाचकांनीं सोसावी. 'सेतु' म्हटलें कीं आपल्याला पूल आठवतो, दोन कांठ जोडणारा. परंतु संस्कृतांत सेतु म्हणजे बांधहि, आणि सेतु म्हणजे सीमाहि. कौटिल्यानें पाणी अडविणाऱ्या बांधकामांस हाच शब्द वापरला आहे. जें पाणी धरून ठेवतें तेंच अलीकडचें आणि पलीकडचें वेगळें करतें, ही गोष्ट त्या एका शब्दांत आहे. इंजिनियरांच्या हिशेबांत बांध म्हणजे मातीचे घनफूट. त्या बाजूस राहणाऱ्या माणसाच्या हिशेबांत मात्र आपण अलीकडे कीं पलीकडे एवढाच प्रश्न असतो.

आतां मुख्य गोष्ट. नदी कोंडल्यावर गाळ दलदलींत पसरेना. तो नदीच्या मुखांतून थेट खोल समुद्रांत जाऊं लागला. दलदलीची माती तर आपल्या भारानें सारखी खचत असते. पूर्वीं दर पुरास नवा थर पडून तूट भरून निघे. आतां ती भरेना. हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें असें मात्र समजूं नये. एल्मर कॉर्थेल नांवाच्या स्थापत्यविशारदानें १८९७ सालीं 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकांत स्पष्ट लिहून ठेवलें कीं, बांधांमुळें मुखाकडील भूमि पुढें खचून आखाताखालीं जाईल. परंतु आजच्या आणि यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांना होणारा लाभ इतका मोठा आहे कीं भावी पिढ्यांच्या हानीपेक्षां तोच जड भरतो. हा लेख छापला गेल्याला १२५ वर्षांहून अधिक काळ लोटला. ती भावी पिढी जन्मास आली आहे, आणि माझा विद्यार्थी तिच्याच चाकरींत आहे.

हानि किती? १९३२ ते २०१६ या काळांत लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारें ४,८०० चौरस किलोमीटर भूमि पाण्याखालीं गेली. आपल्या सबंध गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे गोवा पुरा बुडून वर आणखी हजारभर चौरस किलोमीटर. सगळा दोष बांधांचा नाहीं. खनिज तेलाच्या विहिरींकडे जाण्यासाठीं कंपन्यांनीं दलदलींतून हजारों मैल कालवे खोदले आणि त्या वाटेनें खारें पाणी गोड्या दलदलींत शिरून गवत मेलें. मुळें गेल्यावर माती धरावयास कोण राहिलें? सरकारनेंहि १९६८ सालीं जहाजांसाठीं ७६ मैलांचा एक सरळ कालवा पुरा केला. त्यांतून समुद्र आंत आला आणि सायप्रस वृक्षांचीं वनें वाळून गेलीं. शेवटीं २००९ सालीं दगडांचा बांध घालून तो बंद करावा लागला.

२९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना वादळ आलें आणि शहराचा शेंकडा ८० भाग बुडाला. हजाराहून अधिक माणसें मेलीं. पाणी बांधावरून चढून आलें असेंच प्रथम सर्वांस वाटलें. चौकशींत निघालें तें अधिक लाजिरवाणें होतें. सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत पाणी माथ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच खालच्या मऊ मातीवरून सरकली होती. कांहीं बांध वाळूमिश्रित गाळाचे केलेले होते, ते साखरेसारखे विरघळले. पण मला शिक्षक म्हणून सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. भिंतींची उंची ज्या खुणेच्या दगडांवरून मोजीत, ते दगड स्वतःच जमिनीबरोबर खचत आलेले होते. त्यामुळें कागदावर पुरी असलेली उंची प्रत्यक्षांत कांहीं ठिकाणीं एक-दोन फूट कमी होती. मोजपट्टीच खालीं जात असेल तर विद्यार्थ्याचें उत्तर कितीहि काळजीपूर्वक काढलेलें असलें तरी चुकणारच. ही बंदिस्ती १९६५ च्या बेट्सी वादळानंतर हातीं घेतलेली; चाळीस वर्षांनंतरहि ती अपुरी होती, आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या वेळीं वेगवेगळ्या हिशेबानें झालेले होते. सरकारी सैन्याच्या स्थापत्यखात्यानें २००६ सालीं आपला दोष कबूल केला, हें मात्र त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

त्यानंतर सुमारें १,४५० कोटि डॉलर खर्चून शहराभोंवतीं नवी तटबंदी झाली. पूर्वेस बोर्न सरोवराच्या तोंडाशीं जवळजवळ पावणेदोन मैलांची, २६ फूट उंचीची भिंत उभी राहिली. बरोबर सोळा वर्षांनीं, २९ ऑगस्ट २०२१ रोजीं, आयडा वादळ आलें तेव्हां या तटबंदीनें पाणी आंत येऊं दिलें नाहीं. त्याच रात्रीं तटाबाहेर राहिलेल्या लाप्लास गांवांत मात्र घराघरांत पाणी शिरलें; तेथील बांधाचें काम तेव्हां चालूं होतें.

ही तटबंदी 'शंभर वर्षांच्या पुरासाठीं' आहे असें म्हणतात, आणि या शब्दांनीं सुशिक्षित माणसेंहि फसतात. एकदां येऊन गेला कीं शंभर वर्षें चिंता नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणत्याहि एका वर्षीं तसा पूर येण्याचा संभव शेंकडा एक, इतकाच अर्थ. घरासाठीं तीस वर्षांचें कर्ज काढलेल्या गृहस्थानें तीस वर्षांचा हिशेब करून पाहावा: तेवढ्या मुदतींत एकदां तरी तसा पूर येण्याचा संभव शेंकडा २६ येतो. चारांत एक. हॉलंडांत १९५३ च्या जलप्रलयानंतर मुख्य प्रांताच्या बांधांसाठीं दहा हजार वर्षांत एक असें प्रमाण धरण्यांत आलें होतें. त्यापुढें शंभर हा आंकडा किती तोकडा दिसतो!

मग बांध आणखी उंच करावे कीं दलदल वांचवावी? असा प्रश्न घालणेंच चुकीचें, असें माझा विद्यार्थी म्हणाला, आणि मला तें पटलें. पावणेतीन मैल दलदल ओलांडतांना पाणी एक फूट उतरतें, असा एक ठोकताळा तेथें अर्ध्या शतकाहून अधिक काळ प्रचारांत आहे. तो नेहमीं खरा ठरत नाहीं. वादळ रेंगाळलें तर पाणी सावकाश सगळीकडे भरतें आणि दलदल तें अडवीत नाहीं. वादळ चपळ असलें तर पुष्कळ अडवते. परंतु लाटांचें बळ ती निश्चित मोडते, आणि मातीच्या बांधाला खरा धोका लाटांच्या धडकांचा असतो. पुढें गवत आणि झाडें असलेला बांध टिकतो. उघड्या पाण्याशीं एकटा उभा असलेला बांध खचतो. म्हणजे बांध शहराचें रक्षण करतो, दलदल बांधाचें रक्षण करते, आणि नदीचा गाळ दलदलीचें. या सांखळींतली शेवटची कडी मनुष्यानेंच काढून टाकली.

हें ऐकतांना मला आमच्या खाडीकांठच्या खारबंदिस्तीची आठवण झाली. लहानपणीं पाहिलेला तो मातीचा बांध, त्यांतील उघाडी, आणि बांधापुढील तिवरांची दाटी. उघाडीचें दार भरतीच्या दाबानें आपण होऊन मिटे आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पावसाच्या पाण्यानें उघडे. गोव्याच्या खाजणांत अशाच दारास मानस म्हणतात. वडील मंडळी बांधापुढचें तिवर तोडूं देत नसत. एका वर्षीं बांधाला खांड पडली, तेव्हां सगळा गांव मातीच्या पाट्या घेऊन धांवला, कारण एकदां खारें पाणी भातखाचरांत शिरलें कीं पावसानें मीठ धुवून जाईपर्यंत दोन-तीन वर्षें पीक नाहीं. आमच्या त्या बांधाची लांबी शे-दीडशें कदम असेल. माझ्या विद्यार्थ्याच्या तांबड्या रेघेची ९८ मैल. पण तिच्यांतहि तत्त्व उघाडीचेंच आहे. भरती-ओहोटी, मासे आणि कोळंबी यांना आंत-बाहेर जातां यावें म्हणून तींत दारें ठेवलेलीं आहेत. तीं एरवीं उघडीं असतात आणि वादळाची वर्दी आली कीं मिटतात. हूमा गांवाखालच्या मोठ्या कालव्यावर २०१३ सालीं झालेलें दार तर एक प्रचंड तरता पडावच आहे. तो फिरवून आडवा लावतात.

ही योजना टेरेबोन आणि लाफूर्श या परगण्यांची. टेरेबोन या फ्रेंच नांवाचा अर्थ 'चांगली भूमि'! २००७ सालीं मंजुरी मिळाली तेव्हां खर्च ८९ कोटि डॉलरांच्या आंत होता. कॅटरिनानंतरच्या नव्या नियमांनीं २०१३ सालीं तोच आंकडा १,०३० कोटींवर गेला, आणि वरून पैसा येईना. तेव्हां तेथील लोकांनीं मतदान करून आपल्यावरच कर बसवून घेतला: २००१ सालीं दर डॉलरच्या खरेदीमागें पाव सेंट, २०१२ सालीं आणखी अर्धा. त्या पैशानें त्यांनीं बांधाचा पहिला थर स्वतःच चढविला. आयडा वादळांत त्यांचीं छपरें उडालीं, पण या अपुऱ्या बांधानें समुद्र अडविला. करावर कर देऊन आपला बांध आपण उभारणाऱ्या या लोकांबद्दल मला आमच्या गांवकऱ्यांइतकाच आदर वाटतो. तो बांधहि खचतच असतो. कांहीं वर्षांनीं पुन्हां माती चढवावी लागते; काम पुरें झालें असें म्हणण्याचा दिवस त्यांत नाहीं.

आतां तें रेघेबाहेरचें गांव. त्याचें नांव आयल द ज्याँ चार्ल्स. चिटिमाचा, चॉक्टॉ आणि बिलॉक्सी या मूळच्या अमेरिकन जमातींचे लोक तेथें दीडशेंहून अधिक वर्षें राहत आले. एके काळीं २२,००० एकरांची ही भूमि आज सुमारें ३२० एकर उरली आहे. बांधाची रेघ ठरविण्याच्या वेळीं हिशेब असा झाला कीं, हें बेट आंत घेण्यास लागणारा खर्च त्यामुळें वांचणाऱ्या मालमत्तेहून फार अधिक आहे. मालमत्ता ती काय! कांहीं घरें, नौका, आणि पूर्वजांचीं थडगीं. २०१६ सालीं सरकारनें त्या लोकांच्या स्थलांतरासाठीं ४ कोटि ८३ लक्ष डॉलर दिले. २०२२ सालीं चाळीसेक मैल आंत वसविलेल्या नव्या वस्तींत पहिलीं कुटुंबें राहावयास गेलीं. कांहींनीं जाण्याचें नाकारलें. हिशेब खोटा होता असें मी म्हणत नाहीं. बेट रेघेंत घेतलें असतें तर दुसरीं दहा गांवें कदाचित् उघडीं पडलीं असतीं. परंतु या बेटाची भूमि ज्या बांधांमुळें आणि कालव्यांमुळें झिजली, त्यांचा लाभ ज्यांना झाला ते सर्व रेघेच्या आंत आहेत, हेंहि त्याच हिशेबाच्या कागदावर कोणीं तरी लिहावयास हवें होतें.

नदीला पुन्हां दलदलींत सोडतां येतें काय? येतें. आचाफलाया नदीच्या एका फांट्यावर १९४२ च्या सुमारास पुराचें पाणी काढण्यासाठीं वॅक्स लेक नांवाचा कालवा खणला होता. त्याच्या तोंडाशीं १९७३ च्या पुरानंतर आपोआप नवी भूमि वर आली, ती अद्याप वाढत आहे. हाच प्रयोग मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर करण्याचें लुइझियानानें ठरविलें. बॅरेटेरिया खाडीच्या मध्यावर मिसिसिपीचा बांध कापून दारें बसवावीं आणि पुराच्या दिवसांत दर सेकंदास ७५,००० घनफुटांपर्यंत गढूळ पाणी दलदलींत सोडावें, अशी ही योजना होती. खर्च सुमारें ३०० कोटि डॉलर; पैसा २०१० च्या तेलगळतीच्या दंडांतून. ऑगस्ट २०२३ मध्यें कामास आरंभ झाला. कालव आणि कोळंबी धरणारे लोक मात्र विरुद्ध उठले. गोड्या पाण्यानें त्यांचीं कालवें मरणार हें खरेंच होतें. हजारों कुटुंबांची भाकरी ज्या खाऱ्या पाण्यावर आहे तें पाणी पन्नास वर्षांनंतरच्या भूमीसाठीं गोडें करावयाचें, हें त्यांनीं कां सोसावें? खर्चहि वाढत गेला. जुलै २०२५ मध्यें संस्थान सरकारनें ही योजना रद्द केली. तोंपर्यंत ५० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम खर्च झालेली होती.

हें सांगतांना माझ्या विद्यार्थ्याच्या आवाजांत राग नव्हता, थकवा होता. कॉर्थेलनें येणाऱ्या पिढ्यांचा हिशेब निदान मांडून तरी पाहिला होता, असें तो म्हणाला. मला मात्र कोळंबी धरणाऱ्यांची बाजू सोडवेना; दोन घटका आमचा वाद झाला, आणि सौभाग्यवतींनीं दुसऱ्यांदां चहा आणला तेव्हां कोठें थांबला.

निघतांना तो नकाशा गुंडाळूं लागला. मीं विचारलें, "त्या बेटावर तूं कधीं गेला आहेस काय?"

"दोनदां," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेस अर्ध्या वाटेवरून परतलों, गुरुजी. वादळ नव्हतें, नुसता दक्षिणेचा वारा होता. रस्ता पाण्याखालीं होता."